शेजाऱ्याचं कुत्रं मोकाट असेल तर: बोलणं, बंदोबस्त, दवाखाना आणि तक्रार

शेतवाडीत राहणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. पहाटे डेअरीला दूध घालायला निघावं तर शेजारच्या मळ्यातलं कुत्रं गाडीच्या मागं लागतं. शाळेची पोरं पाणंदीतून जायला घाबरतात आणि लांबचा वळसा घालतात. कोंबडी नाहीशी होते आणि पिसं परड्यात सापडतात. मालकाला सांगायला जावं तर उत्तर ठरलेलं असतं, "काही करत नाही ओ ते, नुसतं भुंकतंय."

शहरातल्या भटक्या कुत्र्यांवर रोज बातम्या येतात, कोर्टाचे आदेश निघतात. गावाकडचं दुखणं थोडं वेगळं आहे. इथल्या कुत्र्याला मालक आहे, नाव आहे, दोन वेळची भाकरी आहे. फक्त गळ्यात दोरी नाही. आणि तो मालक बहुतेक वेळा आपला भाऊबंद, नाहीतर बांधाला बांध लागलेला शेजारी असतो. त्याच्याशी पाण्याची पाळी, वाट, लग्नकार्य सगळं जोडलेलं. त्यामुळे माणसं वर्षानुवर्षं गप्प राहतात आणि एक दिवस कुत्रं चावल्यावर एकदम पोलीस स्टेशन गाठतात. या दोन टोकांच्या मध्ये बरंच काही करता येतं. कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, ते इथे क्रमाने दिलं आहे.

आधी कुत्रं कुणाचं ते पक्कं करा

केंद्र सरकारचे २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत. त्यांत पाळीव कुत्रं आणि भटकं कुत्रं असा फरक केला आहे. पाळीव असेल तर लस, जंताचं औषध आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी. भटकं असेल तर ती स्थानिक संस्थेची, म्हणजे गावात ग्रामपंचायतीची आणि शहरात पालिकेची. आपलं गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं हे त्यावरच ठरतं.

पण गावात तिसरा प्रकारही असतो. कुत्रं सगळ्या गल्लीचं असतं, चार घरी खातं आणि पाचव्या घरी झोपतं. काही झालं की चारही घरं म्हणतात, "आमचं कुठलं ते!" म्हणून आधीच बघून ठेवा. रात्री ते कुणाच्या गोठ्यात झोपतं, कुणाच्या हाकेला जातं, गळ्यात पट्टा कुणी घातला, कुणाच्या मागून शेताला जातं. मोबाईलवर एखादा फोटो असला तर उत्तम. शहरात कुत्र्याची पालिकेकडे नोंदणी करावी लागते. गावात बहुधा तसलं रजिस्टर नसतं, त्यामुळे हाच पुरावा.

दुसरी गोष्ट, एक वही करा. मी कॉमर्सचा माणूस. आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं होतं की ज्याची नोंद नाही तो व्यवहार झालाच नाही असं धरतात. इथंही तेच. तारीख, वेळ, जागा, काय झालं आणि कुणी बघितलं, एवढ्या पाच गोष्टी लिहायच्या. "रोज त्रास देतं" असं सांगून कुठलाही अधिकारी हलत नाही. "या महिन्यात चार वेळा, या तारखांना, शाळेच्या वाटेवर" असं सांगितलं की ऐकून घेतात.

मालकाशी बोलताना

या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूला मी स्वतः होतो. मी कॉलेजात असताना आमच्या घरी एक कुत्रा होता, गाडी दिसली की धावायचा. शेजारच्या काकांनी वडिलांना दोनदा येऊन सांगितलं. वडील म्हणाले, "कुत्रं म्हटल्यावर धावणारच." तिसऱ्यांदा काका सांगायला आले नाहीत. पुढं पावसाळ्यात एका सकाळी त्यांचा मुलगा दुधाचे कॅन घेऊन येताना कुत्रा आडवा गेला, गाडी घसरली आणि पोराचं मनगट मोडलं. काका पोलिसांत गेले नाहीत, पंचांकडेही गेले नाहीत. वडील दवाखान्याचे पैसे घेऊन गेले तर त्यांनी ते घेतले नाहीत. "दोनदा सांगितलं होतं," एवढंच म्हणाले. त्या दिवशी आमच्या कुत्र्याच्या गळ्यात साखळी पडली. दोन घरांचं बोलणं सुरळीत व्हायला मात्र काही वर्षं गेली.

म्हणून सांगतो, पहिल्यांदा सांगायला जाताना ते सांगणं नीट लागेल असं बघा. कुत्रं नुकतंच मागं लागलंय, आपण घामाघूम झालोय, त्या रागात जाऊ नका. संध्याकाळी निवांत जा. चारचौघांत, कट्ट्यावर किंवा गावाच्या ग्रुपवर विषय काढू नका. तिथं मालकाला आपली अब्रू सांभाळायची असते, कुत्रं राहतं बाजूला. "तुमचं कुत्रं वाईट आहे" असं म्हटलं की माणूस चिडतो. "मामा, सकाळी सहा ते आठ पोरं शाळेला जातात, तेवढा वेळ त्याला बांधा की" असं म्हटलं तर नाही म्हणणं अवघड जातं. वेळ आणि जागा ठरवून मागणी करा. लस दिली आहे का, कधी दिली, हेही त्याच वेळी विचारा. दिली नसेल तर "पशु दवाखान्यात जाऊया, मी पण येतो" म्हणा.

बऱ्याच मालकांना कुत्रं दिवसभर कुठं फिरतं ते खरंच माहीत नसतं. त्यांच्या दारात ते शेपूट हलवत बसलेलं असतं. मोबाईलवर व्हिडिओ दाखवला तर पटतं. पण दाखवायचा तो त्यांना एकट्याला.

दोनदा बोलून फरक पडला नाही तर तिसऱ्यांदा एकटं जाऊ नका. दोघांनाही मान असलेला माणूस सोबत घ्या, गावचा पंच, सोसायटीचा चेअरमन, नाहीतर मास्तर. ठरलं ते साध्या कागदावर लिहून घ्या. कुत्रं कधी बांधणार, लस कधी देणार, नुकसान झालं तर भरपाई काय. खाली दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या. हा कागद कोर्टाचा हुकूम नव्हे, पण पुढं प्रकरण वाढलं तर मालकाला आधी समज दिली होती हे त्यावरून दिसतं.

आपल्या बाजूचा बंदोबस्त

कुत्रं आपल्या हद्दीत येतं ते बहुधा खायला किंवा जोडीदार शोधायला. उरलेलं मटण, कोंबडीची आतडी, मेलेली पिल्लं उकिरड्यावर टाकली की सगळ्या शिवारातली कुत्री जमतात. ते खोल पुरा. जनावर व्यालं की वार लगेच पुरून टाका. कोंबड्यांचं खुराडं संध्याकाळी बंद करा आणि खालची जाळी जमिनीत वीतभर गाडा, कारण कुत्रं उकरून आत शिरतं. शेळ्यांना रात्री उघड्या छपरात ठेवू नका. कुंपणाच्या खालच्या फटीत बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्या लावल्या तरी बराच अटकाव होतो.

आपल्या घरी माजावर आलेली कुत्री असेल तर गावभरचे कुत्रे आपल्याच दारात येणार. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते आणि तो काळ सुमारे तीन आठवडे चालतो. तेवढे दिवस तिला आत ठेवा किंवा नसबंदी करून घ्या.

वाटेत अंगावर आलं तर

पळू नका. पळणाऱ्याच्या मागं लागणं हा कुत्र्याचा स्वभाव आहे. थांबा, अंग थोडं तिरकं करा, डोळ्यात डोळे घालून बघू नका आणि हळूहळू मागं सरका. काठी असेल तर मारायला उगारण्यापेक्षा आपल्या आणि त्याच्या मध्ये आडवी धरा. सायकल असेल तर उतरा आणि सायकल मध्ये घ्या. मोटरसायकलवर असाल तर वेग वाढवू नका, कारण माणसं जखमी होतात ती बरेचदा पडून. वेग कमी केला, थांबलं, की बहुतेक कुत्री पाठलाग सोडतात.

पोरांना दोन गोष्टी शिकवा. कुत्रं जवळ आलं की झाडासारखं हलायचं नाही, ओरडायचं नाही. आणि पडलं तर गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हातांनी मान आणि तोंड झाकून घ्यायचं. खाणाऱ्या कुत्र्याजवळ आणि पिल्लंवाल्या कुत्रीजवळ जायचंच नाही.

चावलं तर आधी नळ, मग दवाखाना, मग भांडण

हा क्रम चुकवू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही असंच धरावं लागतं. आणि लक्षणांच्या आधी नीट उपचार झाले तर हा आजार टाळता येतो. चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दोन-तीन महिने जातात, कधी आठवडाभर, कधी वर्षसुद्धा. म्हणून "महिना झाला, काही झालं नाही" याला काही अर्थ नाही.

पहिलं काम, जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून १५ मिनिटं. शेतात असाल तर मोटरीचं पाणी चालेल, साबण कपड्याचा चालेल. त्यानंतर असेल तर पोव्हिडोन आयोडीन लावा. तिखट, चुना, तंबाखू, हळद, तेल यांतलं काहीही लावू नका. जखम घट्ट बांधू नका. मंत्र, अंगारा, गावठी औषध यांत एक दिवसही घालवू नका.

दुसरं काम, त्याच दिवशी सरकारी दवाखाना. डॉक्टर जखमेचे तीन प्रकार करतात. कातडी शाबूत आहे आणि कुत्र्याने नुसतं चाटलं, तर इंजेक्शनची गरज नसते. रक्त न येता ओरखडा असेल तर लस लागते. रक्त आलं असेल, फाटलेल्या कातडीला, डोळ्याला किंवा तोंडाच्या आतल्या भागाला लाळ लागली असेल, तर लस आणि त्याबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन अशा दोन्ही गोष्टी लागतात. लस अंगात काम करायला काही दिवस घेते, तोपर्यंतचं संरक्षण इम्युनोग्लोब्युलिन देतं. ते पहिल्याच दिवशी द्यायचं असतं, राहिलंच तर पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते नसेल तर लसीचा पहिला डोस तिथं घेऊन तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात जा. "रक्त आलंय, ते दुसरं इंजेक्शन पण पाहिजे" असं स्वतः विचारा.

पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायचे दिवस गेले. आता लस दंडात देतात. स्नायूत दिली तर ज्या दिवशी सुरू केली तो शून्य दिवस धरून पुढं ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, तान्हं मूल, सगळ्यांना ती देता येते. पूर्वी पूर्ण कोर्स झालेला असेल तर तेही सांगा, मग ० आणि ३ असे दोनच डोस लागतात. दवाखान्याचा कागद जपून ठेवा आणि तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. सुगीच्या गडबडीत शेवटचा डोस राहून जातो.

तिसरं काम, कुत्र्यावर दहा दिवस नजर. कुत्रं ओळखीचं असण्याचा हा एक फायदा. चावलेलं कुत्रं रेबीजचं असेल तर ते साधारण दहा दिवसांत आजारी पडून मरतं. म्हणून त्याला मारू नका, हाकलून देऊ नका, मालकाला बांधून ठेवायला सांगा. दहा दिवस ते धडधाकट राहिलं तर पुढचे डोस थांबवायचे का ते डॉक्टर ठरवतील. लस मात्र दहा दिवसांची वाट न बघता आधीच सुरू करायची. "आमच्या कुत्र्याला लस दिलीय" असं मालक म्हणाला तरीही सुरू करायची.

कुत्रं विनाकारण दिसेल त्याला चावतंय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, जबडा लोंबतोय, गिळता येत नाही, किंवा उलट अंधारात गप्प पडून राहतंय, ही रेबीजची लक्षणं असू शकतात. त्याच्या जवळ जाऊ नका, पशु दवाखान्याला आणि पंचायतीला कळवा.

जनावर चावलं, शेळी मारली तर

गाय, म्हैस, शेळी चावली असेल तर तिचीही जखम साबणाने धुवा, पण हातमोजे घालून. पशुवैद्यांना दाखवा, चावल्यानंतरचे डोस जनावरांनाही असतात. फिरत्या पशु दवाखान्यासाठी १९६२ हा नंबर बऱ्याच राज्यांत चालतो. दूध उकळल्याशिवाय पिऊ नका. जनावर चावल्यानंतर खात नसेल, लाळ गाळत असेल तर "घशात काही अडकलंय" म्हणून तोंडात हात घालू नका. ही चूक गावात फार होते.

शेळी मेलेली सापडली तर लगेच पुरू नका. जखमेचे, जागेचे, पावलांच्या ठशांचे फोटो काढा. खानापूर, चंदगड, आजरा अशा जंगलाला लागून असलेल्या भागात ती बिबट्यानेही मारलेली असू शकते. बिबट्या सहसा गळा धरतो, कुत्री मागचे पाय आणि पोटाची बाजू फाडतात. वन्यप्राण्याने मारली असेल तर भरपाई वनखात्याकडे मागायची, कुत्र्याने मारली असेल तर मालकाकडे. त्यामुळे पशुवैद्यांचा दाखला आणि पंचनामा हवाच. विमा असेल तरी हाच दाखला लागतो.

कायदा काय म्हणतो

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या २८९ कलमात दंड एक हजारच होता. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट एफआयआर घेऊ शकतात. जामीनही मिळतो. कुत्रं नुसतं भुंकतं, कुंपणात शिरतं, एवढ्यावर हे कलम लागत नाही. माणसाला धोका दाखवावा लागतो. वहीतल्या नोंदी उपयोगी पडतात त्या इथेच.

दुसरा रस्ता कमी लोकांना माहीत आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी धोकादायक जनावर बांधून ठेवण्याचा किंवा त्याची अन्य व्यवस्था करण्याचा आदेश मालकाला देऊ शकतात. पूर्वीचं हे कलम १३३. यात कुणाला शिक्षा मागायची नसते, फक्त बंदोबस्त मागायचा असतो. शेजाऱ्यावर केस घालायची इच्छा नाही पण कुत्रं बांधलं गेलं पाहिजे, अशा वेळी हा मार्ग बरा. अर्ज उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे द्यायचा. कर्नाटकात ते असिस्टंट कमिशनर, महाराष्ट्रात आणि गुजरातेत प्रांत, मध्य प्रदेशात एसडीएम, तेलंगणात आरडीओ.

औषधोपचार, बुडालेली मजुरी, मेलेली शेळी यांची भरपाई दिवाणी दाव्यात मागता येते. पण दाव्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे जा. तिथं तडजोडीचा प्रयत्न होतो. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

अर्ज कुणाला आणि कसा

पहिला अर्ज ग्रामपंचायतीला. कर्नाटकात पीडीओंच्या नावे, महाराष्ट्रात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांच्या, गोवा, मध्य प्रदेश आणि तेलंगणात पंचायत सचिवांच्या, गुजरातेत तलाटी-कम-मंत्रींच्या. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव शहरात राहत असाल तर महापालिकेला. मजकूर असा पुरे:

"मी ... येथील रहिवासी. माझ्या घराशेजारी राहणारे श्री. ... यांनी पाळलेले ... रंगाचे कुत्रे मोकाट फिरते. दिनांक ..., ... आणि ... रोजी ते शाळेच्या वाटेवर मुलांच्या अंगावर गेले. दिनांक ... रोजी ... यांना चावले. दवाखान्याच्या कागदाची प्रत सोबत आहे. मालकांना दोन वेळा तोंडी सांगूनही कुत्रे बांधलेले नाही. तरी मालकांना समज देऊन कुत्रे बांधून ठेवण्यास आणि रेबीजची लस देण्यास सांगावे, ही विनंती."

खाली ज्यांना ज्यांना त्रास झाला त्या सर्वांच्या सह्या. दहा घरांच्या सह्या असल्या की तो एका शेजाऱ्याचा राग राहत नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा.

सीमाभागात भाषेचा प्रश्न येतोच. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तेव्हा मराठीत अर्ज देता येतो. पण काम लवकर व्हायचं असेल तर जिथं आहात तिथल्या भाषेतली, म्हणजे कन्नड, गुजराती, तेलुगू, हिंदी, एक प्रत जोडा. हक्क हातात असावा आणि कामही अडू नये.

दुसरा पेच हद्दीचा. निपाणी-कागल, बेळगाव-चंदगड पट्ट्यात एका बांधाच्या अलीकडे कर्नाटक आणि पलीकडे महाराष्ट्र. मालक तिकडचा, चावलं इकडे, मग पोलीस स्टेशन कुठलं? जिथं घटना घडली तिथलं. पण "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द न बघता कोणत्याही ठाण्यात खबर देता येते, ते ती योग्य ठाण्याकडे पाठवतात. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. लसीला तर हद्दच नाही. जवळ पडेल त्या दवाखान्यात जा, राज्य नंतर बघू.

लसीकरण मनावर घेतलं तर काय होतं ते शेजारच्या गोव्याने दाखवलंय. तिथं गेल्या दशकात सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने घरची आणि रस्त्यावरची कुत्री सरसकट टोचली, आणि २०२१ मध्ये राज्याने स्वतःला रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं. आपल्या पंचायतीनेही वर्षातून एकदा शिबिर घ्यावं ही मागणी ग्रामसभेत करता येते. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या निमित्ताने पशु दवाखान्याला विचारा.

हे करू नका

विष घालू नका. न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जनावराला मारणं, विष घालणं, लुळं करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कुत्रं मोकाट सोडणाऱ्याला सहा महिने आणि विष घालणाऱ्याला पाच वर्षं. खरं गाऱ्हाणं आपलं असूनही आरोपी आपण होतो. शिवाय विषाचा तुकडा ज्याच्यासाठी ठेवला त्यानेच खाल्ला असं होत नाही. दुसऱ्याचं कुत्रं, मांजर, कोंबडी, घार, मोर, कुणीही खातं. अंगावर आलेल्या कुत्र्याला काठीने हुसकावणं वेगळं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला झोडपणं वेगळं.

पोत्यात घालून घाटात किंवा दुसऱ्या गावात सोडून येऊ नका. ते दुसऱ्याच्या पोराला चावेल, नाहीतर परत येईल. आणि चावल्यानंतरचं दहा दिवसांचं निरीक्षण हातचं जाईल.

कुत्रं आपलंच असेल तर

हिशेब मांडून बघा. खर्चाच्या एका बाजूला पट्टा, साखळी, वर्षाला एक लस. लस पशु दवाखान्यात मिळते. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली, महिन्याने दुसरी, पुढं दरवर्षी. दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याच्या चार-पाच दवाखान्याच्या खेपा, तितक्या दिवसांची बुडालेली मजुरी, पोलीस स्टेशन, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा तुटलेला संबंध.

बांधायचं म्हणजे चोवीस तास आखूड साखळीला अडकवणंही नव्हे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावर फार वेळ आखूड किंवा जड साखळीला ठेवणं आणि बांधून ठेवलेल्या कुत्र्याला न फिरवणं, दोन्हीला मनाई आहे. आणि असं कुत्रं सुटल्यावर जास्तच पिसाळल्यासारखं करतं. सोपा उपाय म्हणजे अंगणात दोन खांबांच्या मध्ये तार ओढायची आणि साखळीची कडी त्या तारेत अडकवायची. कुत्र्याला मागंपुढं फिरता येतं, राखणही होते आणि रस्त्यावर जाता येत नाही. शाळेच्या आणि डेअरीच्या वेळेला बांधा, रात्री कुंपणाच्या आत सोडा. संध्याकाळी शेताला जाताना दोरी धरून न्या. वेळच्या वेळी खायला घाला, भुकेलं कुत्रं फिरणारच. नसबंदी केली की नराचं भटकणं बरंच कमी होतं आणि मादीची पिल्लं कुणाला द्यायची हा प्रश्न उरत नाही.

आणि शेजारी सांगायला दारात आला तर "काही करत नाही ते" हे वाक्य तेवढं गिळून टाका. त्याला आत बोलवा, चहा द्या, कुत्रं कुठं आडवं येतं ते विचारून घ्या. तो सांगायला येतोय तोवर सगळं दुरुस्त करता येतं.